पडदा सुटलेल्या डोळ्यात मोतीबिंदूही होता. शस्त्रक्रियेनंतर नजर किती परत येईल?

प्रश्न: मुलगी, मानेवाडा, नागपूर

नमस्कार. माझे बाबा ६४ वर्षांचे आहेत आणि काटोलजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे. त्यांना तरुणपणापासून दोन्ही डोळ्यांना मोठा मायनस नंबर आहे. उजव्याला साडेसहा आणि डाव्याला सहा. दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूही आहे, परंतु चष्म्यावर काम भागत असल्यामुळे तोडणी आटोपली की शस्त्रक्रिया करून घेऊ, असे ठरले होते. याच काळात उजव्या डोळ्यात खालून, नाकाच्या बाजूने, सावली चढू लागली. मोतीबिंदू पिकत आला असेल असे घरात सर्वांनाच वाटले. मग एका रविवारी समोरच्या माणसाचा चेहराच दिसेनासा झाला, तेव्हा आम्ही त्यांना नागपूरला आणले. मोतीबिंदूमुळे आतले नीट दिसत नव्हते म्हणून डोळ्याची सोनोग्राफी केली आणि पडदा सुटला असून मॅक्युलाही (पडद्याचा मध्यभाग) उचलला गेला असल्याचे सांगण्यात आले. बुधवारी एकाच वेळी मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवले, विट्रेक्टॉमी (डोळ्यातली जेली काढण्याची शस्त्रक्रिया) केली आणि पडदा जागी दाबून ठेवण्यासाठी सिलिकॉन ऑइल भरले.

शस्त्रक्रियेपूर्वी त्यांना डोळ्यासमोर हललेला हात तेवढा कळत होता. आता पाच आठवडे झाले आहेत. पडदा बसलेला आहे. साध्या नजरेने ६/६० आणि बारीक छिद्रातून पाहिल्यावर ६/३६ दिसते (निरोगी नजर ६/६; खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी). डॉक्टर म्हणतात, सुधारणा होईल, पण किती ते आज सांगता येणार नाही. मला त्यांच्यावर शंका घ्यायची नाही. फक्त हा अंदाज नेमका कशावरून बांधतात, तो बांधताना मोतीबिंदूमुळे काय अडचण येते, आणि ऑइल काढल्यावर नजर वाढते का, हे समजून घ्यायचे आहे. नातेवाईक म्हणतात की ऑइलऐवजी गॅस भरला असता किंवा डोळ्याभोवती बाहेरून पट्टा घातला असता तर नजर अधिक आली असती. त्यात तथ्य आहे का? आणि डाव्या डोळ्याचे काय करावे?

उत्तर: दृष्टिपटल-तज्ज्ञ, नागपूर

आपण विचारलेला प्रश्न प्रत्येक घर विचारते. डॉक्टरांनी 'सांगता येणार नाही' असे म्हटले, तरी त्यामागे बरेच काही सांगण्यासारखे असते, म्हणून सविस्तर लिहितो.

दृष्टिपटलाच्या, म्हणजे पडद्याच्या, सर्वांत बाहेरच्या थरात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात आणि त्यांचे पोषण पडद्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून होते. पडद्याच्या इतर भागांना स्वतःच्या रक्तवाहिन्यांचाही आधार असतो, पण मॅक्युलाच्या अगदी मध्यावर, जिथून आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तिथे पडद्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तो बिंदू सर्वस्वी मागच्या थरावर अवलंबून आहे. मातीतून उपटलेले कलम किती वेळ उघड्यावर राहिले यावर जसे त्याचे पुन्हा धरणे ठरते, तसेच इथे आहे. म्हणून पहिला आणि सर्वांत वजनदार प्रश्न हा की शस्त्रक्रियेच्या वेळी मॅक्युला बसलेला होता की उचललेला, आणि उचललेला असेल तर किती दिवस. बसलेला असेल आणि शस्त्रक्रिया सुरळीत झाली, तर बहुतेकांची नजर पूर्वीइतकी टिकते. उचललेला असेल तर पहिल्या तीन दिवसांच्या आत तो बसवलेल्या डोळ्यांचे निकाल नंतरच्यांपेक्षा सरस दिसतात, आणि आठवडा उलटल्यावर ते आणखी खालावतात. आपल्या बाबांचा चेहरा ओळखण्याचा भाग रविवारी गेला आणि बुधवारी शस्त्रक्रिया झाली. ही मुदत वाईट नाही. मात्र मोतीबिंदू असलेल्या माणसाला मध्यभाग नेमका कधी गेला हे काटेकोर सांगता येत नाही, कारण आधीच सगळे धूसर असते. त्यामुळे 'रविवार' हा अंदाज धरून चालावे लागते.

यानंतर इतर गोष्टी येतात. मॅक्युला किती उंच उचलला गेला होता, पडद्यावर आकुंचन पावणारे तंतुमय पापुद्रे तयार झाले होते का, पडद्याला पडलेले छिद्र किती मोठे होते, डोळ्यातला दाब फार उतरला होता का, वय किती आणि नंबर किती. यांपैकी पापुद्रे हे पडदा पुन्हा सुटण्याचे प्रमुख कारण असते. सोनोग्राफीत पडदा सैल आणि हलता दिसला की तो ताजा सुटलेला आहे असे मानता येते. ताठ आणि नरसाळ्यासारखा आवळलेला दिसला तर पुढचा मार्ग कठीण असतो. आपल्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत याविषयी एखादी ओळ असेल, ती अवश्य वाचा.

आता मोतीबिंदूची अडचण. शस्त्रक्रियेपूर्वीची नजर ही पुढच्या नजरेची चांगली सूचक आहे, असे बहुतेक अभ्यास सांगतात. पण हे सूत्र मोतीबिंदूच्या डोळ्याला जसेच्या तसे लावले तर ते अकारण निराशाजनक उत्तर देते. 'हात हललेला कळतो' यातला किती वाटा सुटलेल्या पडद्याचा आणि किती गढूळ भिंगाचा, हे त्या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही. भिंग तर आपण बदलून टाकले. म्हणून अशा रुग्णात मी तीन गोष्टींकडे अधिक लक्ष देतो. पहिली, बाहुलीची प्रतिक्रिया: निव्वळ मोतीबिंदू कितीही पिकला तरी त्या डोळ्याच्या बाहुलीचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद मंदावत नाही, त्यामुळे तो मंदावलेला असेल तर दोष पडद्यात किंवा डोळ्याच्या नसेत आहे. दुसरी, चारही दिशांनी टॉर्च दाखवून प्रकाश कुठून येतो हे रुग्णाला सांगता येते का. तिसरी गोष्ट अगदी साधी आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे: घरातले जुने चष्म्याचे कागद. पडदा सुटण्याच्या आधी, मोतीबिंदू असतानाही, चष्म्याने त्या डोळ्याला किती दिसत होते? ते जर ६/१२ असेल, तर मॅक्युला मुळात सुदृढ होता हे सिद्ध होते. मोठ्या मायनस नंबरच्या काही डोळ्यांत मॅक्युला आधीच झिजलेला असतो किंवा डोळा लहानपणापासून मंद असतो. अशा डोळ्याकडून कोणतीही शस्त्रक्रिया अधिक काही आणू शकत नाही.

शस्त्रक्रियेनंतर खरा अंदाज ओसीटीवरून, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या प्रकाशाच्या स्कॅनवरून, येतो. ऑइल भरलेल्या डोळ्यातही ती काढता येते. त्यात प्रकाशपेशींच्या दोन रेषा पाहायच्या असतात, एलिप्सॉइड झोन आणि त्याच्या आतल्या बाजूची बाह्य मर्यादा-पटलाची रेषा. दोन्ही अखंड असतील तर उत्तम. पटलाची रेषा अखंड असून एलिप्सॉइडची तुटक असेल, तर काही महिन्यांत ती भरून येण्याची आशा बाळगता येते. दोन्ही तुटलेल्या असतील तर मध्यभागाची नजर मर्यादित राहते. आपल्याकडे ओसीटीचा अहवाल आणि जुने चष्म्याचे कागद असतील तर त्यांत काय लिहिले आहे ते इथे कळवा.

उत्तर: ऑप्टोमेट्रिस्ट, सीताबर्डी

डॉक्टरसाहेबांनी पडद्याची बाजू सांगितली. मी नंबराची बाजू सांगते, कारण ६/६० मधला काही भाग पडद्याचा नसून निव्वळ नंबराचा आहे. बारीक छिद्र नंबरामुळे येणारी धूसरता कमी करते; त्यातून नजर ६/३६ वर जाते, हाच त्याचा पुरावा आहे.

सिलिकॉन ऑइलचा वक्रीभवनांक (प्रकाश वाकवण्याची क्षमता) डोळ्यातल्या नैसर्गिक जेलीपेक्षा जास्त असतो. त्यामुळे भिंगाच्या मागच्या पृष्ठभागाची ताकद घटते आणि डोळ्याला काही डायऑप्टरचा (चष्म्याच्या नंबराचे एकक) प्लस नंबर येतो. ऑइल काढले की हा नंबर जातो. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर भिंगाची ताकद बहुधा ऑइल निघाल्यानंतरची स्थिती डोळ्यासमोर ठेवून निवडतात, म्हणून मधल्या काळात धूसर दिसणे अपेक्षितच आहे. या काळात महागडा चष्मा करू नका. अगदीच अडत असेल तर स्वस्तातला तात्पुरता करा.

दुसरी गोष्ट भिंगाच्या मोजमापाची. मॅक्युला उचललेला असताना डोळ्याची लांबी मोजली तर यंत्र सुटलेल्या पडद्यापर्यंतचेच अंतर धरू शकते आणि लांबी कमी भरते. मग निवडलेले भिंग गरजेपेक्षा ताकदवान निघते आणि ऑइल काढल्यावर मायनस नंबर उरतो. अनुभवी शल्यविशारद अशा वेळी दुसऱ्या डोळ्याची लांबी आणि जुना नंबर यांचा आधार घेतात. बाबांचे दोन्ही डोळे जवळपास सारख्या नंबराचे आहेत, हे त्या दृष्टीने सोयीचे आहे. तरीही थोडा नंबर उरला तर घाबरू नका. तो चष्म्याने जातो आणि त्याचा पडद्याच्या तब्येतीशी संबंध नसतो.

तक्त्यावरची ओळ वाढली तरी सरळ रेषा वाकडी दिसणे, किंवा दोन्ही डोळ्यांतून एकच वस्तू लहानमोठी दिसणे, ही तक्रार मॅक्युला उचलून पुन्हा बसलेल्या अनेकांना राहते. बाबांना दाराची चौकट दाखवून विचारा. हे दर भेटीला लिहून ठेवले तर सुधारणा आकड्यापेक्षा अधिक खरी कळते.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

दोघांचेही मनापासून आभार. कागद शोधले. मागच्या वर्षीच्या चष्म्याच्या चिठ्ठीवर उजव्या डोळ्याला नंबरासह ६/१२ आणि डाव्याला ६/९ लिहिले आहे. चौथ्या आठवड्यातल्या ओसीटीच्या अहवालात मॅक्युला बसलेला, पडद्याखाली पाणी नाही, सूज नाही, बाह्य मर्यादा-पटल अखंड आणि एलिप्सॉइड झोन मध्यभागी तुटक, असे आहे. शस्त्रक्रियेच्या नोंदीत वरच्या बाहेरच्या भागात दोन छिद्रे, पापुद्रे नाहीत, असे लिहिले आहे. बाबांना चौकट किंचित वाकलेली दिसते.

आणखी दोन शंका आहेत. हैदराबादला किंवा चेन्नईला जाऊन दुसरे मत घ्यावे का? आणि पुढच्या महिन्यात चिखलदऱ्याला घरचे लग्न आहे, तिथे नेले तर चालेल का?

उत्तर: दृष्टिपटल-तज्ज्ञ, नागपूर

आपण दिलेली माहिती दिलासा देणारी आहे. मोतीबिंदू असतानाही ६/१२ दिसत होते, म्हणजे मॅक्युलाची मूळ क्षमता त्याहून चांगली असणार. पापुद्रे नव्हते. मुदत तीन दिवसांच्या आसपास होती. पटलाची रेषा अखंड आहे. मॅक्युला सुटलेल्या डोळ्यांच्या जुन्या-नव्या अभ्यासांत साधारण एक तृतीयांशापासून निम्म्याहून थोड्या अधिक डोळ्यांना ६/१५ किंवा त्याहून चांगली नजर मिळालेली दिसते, आणि आपल्या बाबांची लक्षणे त्या चांगल्या गटाकडे झुकणारी आहेत. ऑइल काढून चष्मा लागल्यावर ६/१८ पर्यंत पोचावे आणि कदाचित ६/१२ ही गाठावे, असे मला वाटते. ६/६ ची अपेक्षा मनात ठेवू नका. हे मत कागदांवरून बांधलेले आहे. ज्यांनी डोळा आतून पाहिला त्यांचा शब्द माझ्यापेक्षा प्रमाण मानावा.

सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, पण पेशींची दुरुस्ती वर्षभर आणि काहींमध्ये त्यानंतरही सावकाश चालू राहते. म्हणून पाचव्या आठवड्याच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. उलट, सुधारत आलेली नजर मध्येच थांबली किंवा खाली आली तर कारण शोधलेच पाहिजे, कारण त्यांपैकी बरीच कारणे उपचाराने दूर होतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मॅक्युलावर सूज येऊ शकते, ती बहुधा थेंबांनी उतरते. भिंगामागचे आवरण पांढुरके होऊ शकते, ऑइलच्या डोळ्यात तर ते वारंवार होते, आणि ते लेझरने उघडता येते. मॅक्युलावर पातळ पापुद्रा धरू शकतो, तो काढता येतो. ऑइलमुळे किंवा स्टेरॉइड थेंबांमुळे दाब वाढू शकतो, आणि मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत स्टेरॉइडने दाब वाढण्याची शक्यता अधिक असते. दाब वाढून नस दुखावली तर तेवढी नजर परत येत नाही. म्हणून प्रत्येक भेटीत दाब मोजून घेणे टाळू नका. ऑइल साधारण तीन ते सहा महिन्यांनी काढतात. त्यानंतर काहींचा पडदा पुन्हा सुटतो, त्यामुळे ते कधी काढायचे हे आपल्या शल्यविशारदांनी ठरवावे.

नातेवाइकांच्या म्हणण्याविषयी. पट्टा आणि विट्रेक्टॉमी यांची तुलना करणारा युरोपातला बहुकेंद्री अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे नैसर्गिक भिंग शाबूत होते त्यांच्यात पट्ट्याच्या गटाची नजर थोडी सरस निघाली, पण त्याचे मोठे कारण असे की विट्रेक्टॉमीनंतर मोतीबिंदू वेगाने वाढतो. ज्यांचे मोतीबिंदू आधीच काढलेले होते त्यांच्यात पडदा बसण्याच्या बाबतीत विट्रेक्टॉमी उजवी ठरली. २०१९ मध्ये टोरांटोच्या एका चाचणीत नुसता गॅसचा बुडबुडा सोडून केलेल्या उपचाराने नजर अधिक चांगली आली आणि रेषा कमी वाकड्या दिसल्या, मात्र पहिल्या प्रयत्नात पडदा बसण्याचे प्रमाण सुमारे ८१ टक्के होते, तर विट्रेक्टॉमीत सुमारे ९३ टक्के. शिवाय त्या उपचारासाठी पडद्याच्या कडेपर्यंतचा भाग आणि प्रत्येक छिद्र स्पष्ट दिसावे लागते. आपल्या बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदूमुळे आतले दिसतच नव्हते. तेव्हा आधी भिंग काढून मग पडदा दुरुस्त करणे हा योग्य निर्णय होता, आणि नातेवाइकांचे म्हणणे आपण मनाला लावून घेण्यासारखे नाही.

चिखलदऱ्याला न्यायला ऑइलची अडचण नाही, विमानप्रवासालाही नाही. गॅस असता तर मी स्पष्ट नकार दिला असता. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे आणि चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास. तेवढ्या चढणीतही बाहेरचा दाब घटतो, डोळ्यातला बुडबुडा फुगतो, आणि डोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याइतका दाब वाढू शकतो. हे वाचणाऱ्या ज्या कोणाच्या घरी गॅस भरलेला रुग्ण असेल, त्यांनी तो पूर्ण विरेपर्यंत घाट आणि विमान दोन्ही टाळावे, आणि दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया करावी लागली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे, कारण नायट्रस ऑक्साइडनेही बुडबुडा फुगतो.

दुसऱ्या मतासाठी हैदराबाद-चेन्नईचा प्रवास आज आवश्यक वाटत नाही. पडदा बसलेला आहे, सूज नाही. तिथेही हीच ओसीटी पुन्हा होईल आणि थांबायला सांगतील. ऑइल काढण्याच्या आधी मनात शंका राहिलीच, तर शस्त्रक्रियेची नोंद, सोनोग्राफीची छायाचित्रे आणि ओसीटीच्या मूळ प्रतिमा सोबत न्या. नुसत्या लेखी अहवालाचा तिथे फारसा उपयोग होत नाही.

उत्तर: निवासी डॉक्टर, नेत्रविभाग

'अंदाज कशावरून बांधतात' हा प्रश्न मूळ लेखनात आहे म्हणून थोडे जोडतो. ओसीटीच्या प्रतिमा आणि रुग्णाची माहिती संगणकाला देऊन पुढची नजर वर्तवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. त्यांचा मला आदर आहे, पण ज्या डोळ्यात मोतीबिंदूमुळे शस्त्रक्रियेपूर्वीची ओसीटी निघतच नाही, तिथे त्या पद्धतीला खायला काहीच मिळत नाही. आपल्याकडे विदर्भातून, गडचिरोली-गोंदियाहून, येणाऱ्या कित्येक रुग्णांची हीच स्थिती असते: पिकलेला मोतीबिंदू, मागे सुटलेला पडदा, आणि हातात फक्त सोनोग्राफी. त्यामुळे आमच्यासारख्यांना आजही टॉर्च, बाहुली आणि 'सावली कोणत्या बाजूने आली, चेहरे कधीपासून दिसेनात' या विचारपुशीवरच अंदाज उभारावा लागतो. आणि म्हणूनच, मोतीबिंदू असलेल्या माणसाने एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली, अचानक वाढलेले काळे ठिपके किंवा विजेसारखे चमकणे सांगितले, तर ते मोतीबिंदूचे लक्षण समजू नये. मोतीबिंदू सगळीकडून आणि महिनोन्महिने धूसर करतो, एका कडेने चढत येत नाही.

उत्तर: ऑप्टोमेट्रिस्ट, सीताबर्डी

डाव्या डोळ्याचा प्रश्न मागे राहिला. उजव्या डोळ्यात भिंग बसलेले आहे, म्हणून ऑइल निघाल्यावर त्याचा नंबर शून्याच्या जवळ येईल आणि डावा मायनस सहावरच राहील. एवढा फरक चष्म्याने भरून काढला तर दोन्ही प्रतिमांचा आकार वेगळा पडतो आणि माणसाला चक्कर आल्यासारखे होते. डाव्याचा मोतीबिंदू काढेपर्यंत त्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स हा मार्ग आहे. बागेत धूळ आणि फवारणी असते म्हणून तो सांभाळून वापरावा लागेल.

उत्तर: दृष्टिपटल-तज्ज्ञ, नागपूर

डाव्या डोळ्याविषयी आणखी थोडे जोडतो. एका डोळ्याचा पडदा सुटलेल्यांमध्ये दुसऱ्याचाही सुटण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांपर्यंत सांगितली जाते, आणि मोठा मायनस नंबर व मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या दोन्ही गोष्टी ती वाढवतात. म्हणून डाव्या डोळ्याची बाहुली मोठी करून, डोळा बाहेरून हलके दाबून पडद्याची कड पाहणारी पूर्ण तपासणी आताच करून घ्या. छिद्र किंवा फाट सापडली तर तिच्याभोवती लेझर करून मग, उजव्यातले ऑइल निघून तो स्थिरावल्यावर, डाव्याचा मोतीबिंदू काढावा. ती शस्त्रक्रिया करणाऱ्याला उजव्या डोळ्याचा इतिहास आधीच सांगा, कारण भिंगामागचे आवरण फाटले तर पडदा सुटण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो आणि अशा डोळ्यात हात अधिक जपून चालवावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने, आणि त्यानंतर वर्षातून एकदा, कडेची तपासणी चालू ठेवा. डाव्या डोळ्यात सावली किंवा चमक जाणवली, तर त्याच दिवशी दाखवावे.